राखणीवरची बाई

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, चित्रसंग्रहालयाचा निवृत्त मार्गदर्शक, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाखाली न येता माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, पण त्यांची या कामी गरज नसते, असे वकीलबाई म्हणाल्या.

कलम १. माझी वेताची छडी, भिंग व पुस्तके संग्रहालयाला. तिथल्या मोठ्या साहेबांना काहीही नाही. त्यांनी निरोपाला दिलेले घड्याळ आठवड्यात बंद पडले, ते त्यांना परत करावे.

कलम २. सहाव्या दालनातल्या चित्राविषयी. ओहोटीने उघडा पडलेला किनारा, वाकून शिंपल्या वेचणाऱ्या पाच बाया, आणि त्यांच्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत ताठ उभी सहावी. सव्वीस वर्षे मी सांगत आलो की हिचा नवरा समुद्रावर गेला तो परतला नाही, ही त्याची वाट पाहते आहे. लोक रुमाल काढत. माहितीपत्रकातही मी तेच छापले. ते धादांत खोटे आहे.

माझी थोरली बहीण आयुष्यभर शिंपल्या वेचत आली, त्यावरच माझे शिक्षण झाले. एकदा ती न कळवता संग्रहालयात आली आणि घोळक्यातून म्हणाली, "नवऱ्याची वाट कसली बघतेय? राखणीवर आहे ती. वाकलेल्याला पाणी दिसत नाही. एकीनं उभं राहायचं, पाणी फिरलं की हाळी द्यायची. आज हिची पाळी असेल."

लोक हसले. मी म्हणालो, "बाई, दोरीच्या मागे उभ्या राहा." सख्ख्या बहिणीला. ती मागे सरकली आणि शेवटपर्यंत ओळख दाखवली नाही.

मला राखण ठाऊक नव्हती असे नाही. लहानपणी ताई उभी राही, आई वेची. ताईच्या हाळीनेच आई एकदा वाचली. पण राखणीला कोण रडतो? म्हणून त्यानंतरही नऊ वर्षे मी दिवसातून चारदा तो नवरा बुडवत राहिलो. मला याची लाज वाटते. हे तोंडाने सांगायचे धाडस झाले नाही, त्याचीही वाटते.

कलम ३. माझ्या बचतीतून चित्राखालची पाटी बदलावी. ताईचे शब्द जसेच्या तसे घालावेत, आणि खाली 'शिंपल्या वेचणारीने सांगितले' असे लिहावे.

कलम ४. राहत्या दोन खोल्या ताईला.

दुरुस्ती. वरील मजकूर आज ताईला वाचून दाखवला. तिने भांडी घासता घासता ऐकला आणि विचारले, "साक्षीला कोण?" वकीलबाई म्हणाल्या, ज्याला घर मिळते त्याची सही चालत नाही.

"मग खोल्या माझ्या पोरीला दे. सही मी करते."

वकीलबाईंनी समजावले की सही आपल्यासमोर झाली, एवढेच साक्षीदाराने सांगायचे असते. मजकूर खरा की खोटा याच्याशी त्याचा संबंध नसतो.

ताईने हात पुसले. "तुमच्यात नसेल. मी त्या दिवशी तिथं होते."

सबब खोल्या भाचीला.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: ९ मार्च
सही: मार्गदर्शक, निवृत्त
साक्षीदार १: शेजारचे शिंपी
साक्षीदार २: थोरली बहीण