पूर्ण आणि अंतिम तडजोड

८ जानेवारी, सोमवार
कर्ज देणाऱ्या कंपनीकडून माझ्या तक्रारीचं उत्तर आलं. पगारापर्यंत पुरतील म्हणून उचललेल्या माझ्या अकरा कर्जांपैकी शेवटची पाच मला परवडणारी नव्हती, द्यायलाच नको होती, हे त्यांना मान्य आहे. पूर्ण आणि अंतिम तडजोड म्हणून दोन हजार साठ पौंड. चौदा दिवसांत होकार कळवायचा, पैसे महिन्याच्या आत. खाली सही: जॅस्पर, तक्रार विभाग.

माझा आकडा ४,३१८. तिसऱ्या कर्जापासूनचं सगळं व्याज, वर नियमाप्रमाणे भरपाईचे आठ टक्के. तिसऱ्या वेळीच मी जुनं कर्ज नव्यातून फेडत होते. ते दिसायला भिंग लागत नाही.

निष्कर्ष: ते घाबरले आहेत. घाबरल्याशिवाय कोणी तीन आठवड्यांत उत्तर देत नाही.

पैसे आईच्या कबरीवरच्या दगडासाठी आहेत. दगड १,९५०. माती बसायला सहा महिने थांबावं लागतं, ते झाले. सध्या तिथे लाकडी क्रॉस आणि पालिकेचा नंबर. १४ जूनला वर्ष होईल. त्याआधी दगड उभा असेल, असं मी थेल्मामावशीला सांगून टाकलं आहे.

१० जानेवारी
मावशीकडे चहा. आईची थोरली बहीण, त्यामुळे मत मागावं लागत नाही.

"दगडाला पुरतात ना? मग घे आणि मोकळी हो, पोरी."

पहिली ऑफर ही नेहमी कमीच असते, हे समजावलं. आमच्या यार्डात पवनचक्कीच्या मनोऱ्यांचे जोड मी ध्वनिलहरींनी तपासते. एक चीर सापडली की तिथे थांबत नाहीत, पुढे आणखी शोधतात.

"तुला पैसे हवेत, की त्यांना नाक घासायला लावायचंय?"

म्हटलं, मला फक्त आकडा बरोबर हवा आहे. यात भावनेचा प्रश्न नाही.

"तुझ्या आईचाही कधीच नसायचा," मावशी म्हणाली आणि बिस्किटांचा डबा माझ्यापासून लांब ठेवला.

१९ जानेवारी, शुक्रवार
ऑफर नाकारली. प्रकरण आता आर्थिक तक्रारींच्या लोकपालाकडे जाईल.

दुपारी जॅस्परचाच फोन. नियमाप्रमाणे करावा लागतो, म्हणाला. मग जरा थांबून, "तुमच्या जागी मी असतो, तर घेतली असती."

"माझ्या जागी तुम्ही नव्हतात," मी म्हणाले.

वाक्य चांगलं जमलं. तो म्हणाला, "मला एवढंच सांगता येतं, लिन्झी." आवाज पडला होता. दबाव लागू पडतो आहे.

२६ जानेवारी, शुक्रवार
पगाराचा दिवस. पहाटेच जाग. याच वेळी कंपनी कार्डावरून पैसे ओढून घ्यायची, मी उठायच्या आत. शेवटचं कर्ज फिटून आठ महिने झाले. तरी बॅलन्स पाहिला. सगळा होता.

शरीराची सवय. दुसरं काही नाही.

पुन्हा पाहिला.

१ मार्च
दगडवाल्याचा निरोप: जूनपर्यंत हवा असेल तर याच महिन्यात पैसे भरा. लोकपालाकडे रांग मोठी आहे. पण उशिरा भरून तातडीचं काम म्हणून थोडे जास्त दिले, की दगडवालाही करेल. चार हजारांतून ते जड नाही. मावशीला सांगितलं, सगळं वेळेत चालू आहे.

१० मार्च, इथला मदर्स डे
मावशीबरोबर कबरस्तानात. सगळीकडे डॅफोडिल. आईच्या नंबरपुढे आमचे.

परतताना मावशी एकदम हसायला लागली. "ती कर्जाची माणसं हॉस्पिटलात फोन करायची, ठाऊक आहे ना तुला? हिच्या मोबाइलवर. लिन्झी आहे का, लिन्झी आहे का."

ठाऊक नव्हतं. अर्जात दुसरा नंबर म्हणून मी आईचा दिला होता.

"ही सांगायची, आंघोळीला गेलीये. सकाळी आंघोळीला, दुपारी आंघोळीला. नाकात नळी, आणि एवढ्या शांतपणे. शेवटी नर्स मला विचारते, तुमच्या भाचीला त्वचेचा काही आजार आहे का हो?"

मावशीचे डोळे हसून ओले झाले. मीही हसले. आई मला यातलं कधी काही बोलली नाही. रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसत होते, तरी.

या माहितीचा आकड्यावर परिणाम होत नाही. लोकपालासाठी एक परिच्छेद लिहिला, खोडला. घरी बाथरूमचा नळ सोडला आणि कुणी हाक मारतं का म्हणून ऐकत उभी राहिले. मग पाइपात हवा आहे का ते तपासत होते, असं ठरवलं.

८ एप्रिल, सोमवार
कंपनी बुडाली.

कॅन्टीनमध्ये बातमी वाचली. प्रशासक नेमले आहेत. लोकपालाकडची प्रकरणं थांबली. ज्यांनी जानेवारीत होकार दिला, त्यांचे पैसे फेब्रुवारीतच मिळाले.

जॅस्परचा नंबर बंद आहे. त्याला माहीत होतं, असं मानायला पुरावा नाही.

परिस्थिती तांत्रिक स्वरूपाची आहे. प्रशासकांकडे दावा लावला. मावशीला सांगितलं, थोडा उशीर होईल. "बरं," म्हणाली. टोमणा मारला नाही. तेच बरं दिसेना.

२० मे
दावा मंजूर. ४,३१८ पौंड. एका पेनीचाही फरक नाही. माझा आकडा पहिल्यापासून बरोबर होता.

खालच्या परिच्छेदात: पौंडामागे अंदाजे चार पेन्स मिळतील, पुढच्या वर्षी.

म्हणजे १७२.७२.

आकडा बरोबर होता, हे मात्र लेखी मान्य झालं आहे.

१४ जून, शुक्रवार
मावशीला काय सांगायचं ते बसमध्ये पाठ केलं. चार मुद्दे. लाकूडसुद्धा नीट रंगवलं तर दहा वर्षं टिकतं, हा चौथा.

लाकडी क्रॉस तिथे नव्हता. दगड होता. काळा, सोनेरी अक्षरांचा. आईचं नाव, दोन तारखा, खाली बहिणीचं आणि मुलीचं प्रेम. शेजारी मावशी, तिच्या चांगल्या कोटात.

"मार्चमध्येच भरले पैसे," म्हणाली. "तुझं काही होईल असं मला दिसेना. रागावू नकोस."

पैसे कुठून आणले, ते विचारलं.

"साडेनऊशे पोस्टातले. हजार फोनवरून उचलले. चहा निवायच्या आत काम झालं, पोरी. इतकी गोड मुलगी होती! मला डार्लिंग म्हणाली. पेन्शन पडली की आपोआप जातात, मला काही बघावंच लागत नाही."

दगडावर हात ठेवला. उन्हाने गरम होता.

मावशीने रुमालाने एक अक्षर पुसलं. "शेवटी एकूण किती जातील गं? तुला आकडे जमतात म्हणून विचारते."

मला माहीत होतं. उभ्या उभ्या झाला होता हिशेब.

"बघून सांगते," मी म्हणाले.