जिन्याचा सातवा दांडा

मी, मेधा दिलीप टिपणीस, वय ७१, राहणार कॅल्डवेल हाउस, किलमोरन, काउंटी लाऊथ, आयर्लंड, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. राग आहे, पण त्याने डोके बिघडलेले नाही. आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर. लाकडाच्या व्यापाऱ्यांनी या गावात बांधलेल्या चार जुन्या घरांपैकी हे एक, कॅल्डवेल नावाच्या व्यापाऱ्याचे. आम्ही घेतले तेव्हा छप्पर गळत होते आणि कॅल्डवेलांचा एकही वंशज इकडे फिरकत नव्हता. माझे पती कै. दिलीप यांनी नोकरी सांभाळून सगळे शनिवार-रविवार या घरावर घातले. घर मुलगा संकेत याला द्यावे. तशी त्याच्या वडिलांची इच्छा होती, माझी नाही. तो ते विकणार, हे मला ठाऊक आहे. डब्लिनमधल्या बॉल्सब्रिजहून त्याचा फोन आला की माझ्या तब्येतीआधी छपराची चौकशी होते.

२. दिलीप यांची हत्यारे, लेथसह, भार्गवी साने हिला. ती आमच्या नात्यातली नाही. ड्रोहेडाच्या हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून ती यायची आणि त्यांच्याबरोबर रंधा मारायची. संकेतने कधी खिळा ठोकला नाही. अंत्यविधीचा खर्च भागवून बँकेत उरेल तेही भार्गवीचे. या मृत्युपत्राची व्यवस्थापक तीच.

३. जिना. कठड्यातला खालून सातवा दांडा कुजला होता. माझ्या माहेरच्या सागवानी पलंगाचा पाय लेथवर कातून दिलीप यांनी तिथे नवा बसवला. दरवर्षी हेरिटेज वीकला, म्हणजे गावातली जुनी घरे लोकांना दाखवतात त्या आठवड्यात, गाइड नेमका त्यावर हात ठेवतो: "धिस वन्स ओरिजिनल. युअर मॅन कॅल्डवेल मेड इट हिमसेल्फ." म्हणजे हा मूळचा, त्या कॅल्डवेलने स्वतः केलेला. पहिल्या वर्षी दिलीप नुसते हसले. ते गेल्यावर मी गावच्या हेरिटेज कमिटीला म्हटले, दारावर कॅल्डवेलांच्या नावाची पाटी आहे, तिच्यावर यांचेही नाव घाला. उत्तर मिळाले, पाटी घर बांधणाऱ्यांची असते, राहणाऱ्यांची नाही. संकेत शेजारीच बसला होता. म्हणाला, "आई, लीव्ह इट. इट्स ग्रँड." म्हणजे, सोड, आहे ते ठीक आहे. ते मला फार लागले. अजून लागते.

म्हणून, संकेतने तो दांडा स्वतःच्या हाताने उपसून काढावा आणि दहनाआधी माझ्या शवपेटीत ठेवावा. घर हवे असेल तर ही अट आहे. कमिटी म्हणेल, जुन्या घरातले काही काढता येत नाही. जरूर अडवावे. फक्त तो दांडा कोणी केला, ते खऱ्या नावानिशी लिहून पाटीवर लावावे. तेवढे केले तर दांडा जिन्यातच राहू द्यावा.

मग मी एकटी जाईन.

सही: मेधा दिलीप टिपणीस

साक्षीदार (यांना चहाखेरीज काही मिळणार नाही; दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या):
प्रसन्न बोडस, डंडॉक
नोरा मॅकेना, शेजारीण

स्थळ: कॅल्डवेल हाउस, जिन्याच्या पायथ्याशी
दिनांक: ९ मार्च २०२५