काडीभर फट

इंदूर,
मंगळवार, २१ एप्रिल १९५३

ती. यशोधराताईस,

लक्ष्मीकांतचा सा. नमस्कार. इकडे मी व सरला बरे आहोत. ऊन फार आहे. तुझ्या शाळेच्या परीक्षा आटोपल्या का? बंडूला किरकोळ लागलं असं मी कार्डात लिहिलं होतं. ते तेवढं किरकोळ नाही, ताई. तुझ्या लेकाच्या उजव्या डोळ्यावर पट्टी आहे.

तो ज्या बिनइंजिनाच्या ग्लायडरमधून उडतो त्याचं डोक्यावरचं काचेसारखं झाकण सैल होतं, खडखडायचं. ते बसवायचं काम त्याच्या ग्लायडिंग क्लबाने मला दिलं. बग्गीखान्यात वीस वर्षं मी बग्ग्यांची दारं बसवली, त्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, हे तू जाणतेस. पहाटेच्या गारव्यात कामाला बसलो. चौकटीला नवी पट्टी ठोकली, तिला खडू फासला, झाकण मिटलं, खडू पुसला गेला तिथे कानस मारली. सातपर्यंत असं बसवलं की फटीत काडी जाईना. ग्लायडरसोबतच्या पुस्तकात थोडी फट ठेवा म्हणून छापलं होतं. ज्यांना काम येत नाही त्यांच्यासाठी असेल, म्हणून मी हसलो.

लाकडी दार पावसाळ्यात फुगतं. हे झाकण उन्हात फुगतं, हे मला कुठे ठाऊक?

शुक्रवारी दुपारी बंडू हातोदजवळ एका शेतात उतरला. सुखरूप उतरला गं. पण झाकण उघडेना. आत नुसती भट्टी. तो गुदमरायला लागला तेव्हा शेतातल्या लोकांनी झाकणावर दगड घातला. तुकडा डोळ्यात गेला.

आमचे सेक्रेटरी जयसिंगराव सगळ्यांसमोर म्हणाले, "भिया, तुमचं काम एकदम पक्कं. लडका घाबरला असेल." बंडूही खाटेवरून तेच म्हणतो, "मामा, गलती माझीच. मी जोर लावायला पाहिजे होता." मी त्याला पंख्याने वारा घालत बसतो. पुस्तकातली फट मीच ठेवली नव्हती, हे चार दिवसांत त्याला सांगितलेलं नाही. माझी मलाच लाज वाटते.

गुरुवारी पट्टी सोडणार आहेत. डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. पत्र मिळताच मिळेल त्या गाडीने निघ. त्याला दिसलं, तर कदाचित मी स्वतः सांगेन. नाही दिसलं, तर तू सांग. मला तेवढी छाती नाही.

बंडूचा मामा,
लक्ष्मीकांत