दोघींचं बुकिंग

माय, आज मी आपल्याच गावात पाहुणी म्हणून फिरले आणि वर त्याचे फोटोही काढून घेतले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "येड लागनं का व तुले?" लागलंच असेल. झालं असं की शाळेतल्या एका बाईंच्या मुलाचं लग्न नंदुरबारला निघालं. आम्ही सात-आठ शिक्षिका नाशिकहून गाडी करून आलो. काल लग्न लागलं, पंगती उठल्या, बाकीच्या संध्याकाळीच परत गेल्या. मी म्हटलं, माझे इथे नातेवाईक आहेत, मी दोन दिवस थांबते. नातेवाईक कुठले? मामाचं घर विकून किती वर्षं झाली, आणि आपली खोली होती तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. मी बसस्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली. रजिस्टरमध्ये 'कुठून आलात' या रकान्यात नाशिक लिहिलं. जिथे जन्म झाला, शाळा झाली, तिथे माझं नाव परगावच्या यादीत लागलं, आणि मॅनेजरनं मला इथे जेवण चांगलं कुठे मिळतं ते समजावून सांगितलं. सकाळी करण्यासारखं काही नव्हतं. फोन चाळताना एक जाहिरात दिसली. शहर बघायला आलेल्यांसाठी फोटो वॉक. म्हणजे एक फोटोग्राफर तुमच्याबरोबर दोन-तीन तास गावात हिंडणार, काय बघायचं ते दाखवणार, आणि तिथे तिथे तुमचे चांगले फोटो काढून देणार. 'याआधी या शहरात आला आहात का?' या प्रश्नाला मी नाही म्हटलं. 'व्यक्ती किती?' तिथे बोट घसरलं आणि दोन झाले.

फोटोग्राफर निघाली तिशीतली एक मुलगी. पांढराशुभ्र कुडता, गळ्यात दोन कॅमेरे, स्कूटी स्टेशनाबाहेर लावलेली. एरवी लग्नांचे आणि लग्नाआधीचे फोटो काढते, हे काम तिनं यंदाच सुरू केलंय. मला बघितल्यावर तिनं माझ्या मागे बघितलं. "दुसऱ्या मॅडम?" म्हणाली. मी म्हटलं, "त्यांना नाही जमलं." ती म्हणाली, "अरेरे, मग त्यांच्या वाटचे पण तुमचेच काढू." मग तिनं मला स्टेशनावर उभं केलं, मिरची मार्केटच्या दारात उभं केलं, एका जुन्या लाकडी दाराशी उभं केलं आणि प्रत्येक ठिकाणची माहिती सांगितली. मी प्रत्येक वेळी "अस्सं" म्हणत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, मी तर कळसा काखेत ठेवून कळसा म्हणजे काय ते विचारत फिरत होते. पण खरं सांगू का, बरं वाटत होतं. कोणीतरी माझ्याकडे लक्ष देऊन बघत होतं, "मान जरा इकडे, हां, छान" म्हणत होतं. मी एकटी राहते माय. लग्न राहून गेलं, पुढे तो विषयच निघेनासा झाला. शाळेत दिवसभर चाळीस पोरं बाई बाई करतात, पण घरी आल्यावर माझ्याकडे बघणारं आरशाशिवाय कोणी नाही.

मग ती म्हणाली, आता सगळ्यात भारी जागा. स्कूटीवर मागे बसवून गावाबाहेर नेलं आणि सांगू लागली, "मॅडम, ओली लाल मिरची अशी मोकळ्या रानात पसरून वाळवतात, तिला पथारी म्हणतात. या बाया बसल्यात ना, त्या मिरचीचे देठ खुडतात." मी म्हटलं, "अस्सं."

त्या बायांमध्ये तू बसायचीस. तोंडाला फडकं, बोटांना चिंध्या, समोर लाल ढीग. मी सहा-सात वर्षांची. इतर बायांच्या पोरी आयांजवळ बसून देठ खुडायच्या, चार पैसे त्यांच्या हाती यायचे. मी जवळ आले की तू ओरडायचीस, "तू आठे नको बठू. घर जाय. पेनले हात लाव, मिरचीले नको." एकदा मी हट्टानं पाटीत हात घालायला गेले, तर पाठीत असा धपाटा दिलास, तोही मनगटाच्या मागच्या बाजूनं, की सगळ्या बाया बघायला लागल्या. त्यानंतर आजपर्यंत मी मिरचीचा एक देठ खुडला नव्हता. माझी वेणी शेजारची काकू घालायची. भाकरी मी आठव्या वर्षापासून थापते. पिठात तुझा हात नको म्हणून, हे मला माहीत होतं, पण माझं म्हणणं असायचं की साबणानं हात धुवायला काय होतं? शाईसुद्धा धुतली जाते. मी शाळेतून येऊन तुला बिलगायला गेले की तू हात वर धरायचीस आणि कोपरानं मला बाजूला करायचीस. ते कोपर माझ्या गालाला, कपाळाला लागायचं. मी त्याला ढकलणं म्हणायचे. काकूला सांगायचे, माय मला ढकलते. काकू हसायची. मला त्या हसण्याचा राग यायचा.

आणि तो फोटो. तो आजही माझ्या पर्समध्ये आहे, प्लॅस्टिकच्या पाकिटात. मी डी.एड.ला नाशिकला निघाले त्याच्या आदल्या दिवशीचा; त्या वर्षी प्रवेश लांबून दिवाळीनंतर झाले होते. तू मला पिवळा ड्रेस घेतला होतास, तयार, दुकानातला, माझ्या जन्मातला पहिला. सकाळी म्हणालीस, "आज खाडा करेल शे. फोटो काढी लिऊत." बोअरिंगवर जाऊन तू तीनदा हात धुतलेस, ताक चोळलंस, तेल चोळलंस. मी उंबऱ्यात उभी राहून ते बघत होते. मनात म्हटलं, आज जवळ न घ्यायला काही निमित्त उरलं नाही. स्टुडिओत मागे रंगवलेला धबधबा होता. तिथला माणूस म्हणाला, "मावशी, पोरीच्या खांद्यावर हात ठेवा." तू हात पाठीमागे घेतलेस. तो पुन्हा म्हणाला. तू मान हलवलीस आणि तशीच उभी राहिलीस, शिपायासारखी ताठ. फोटो निघाला. बाहेर पडल्यावर मी तुला म्हटलं, "तुला माझी किळस येते का?" तू म्हणालीस, "नवा ड्रेस शे. खराब व्हई जाई." एवढंच. मला ते उत्तर म्हणजे चेष्टा वाटली. धुतलेल्या हातानं ड्रेस कसा खराब होतो? दुसऱ्या दिवशी तोच ड्रेस घालून मी एसटीत बसले. तू खिडकीखाली उभी होतीस, फडक्यात बांधलेले लाडू वर करून देत होतीस, आणि मी दुसरीकडे बघत होते. त्यानंतर सुट्टीत आले, गेले, पण पहिल्यासारखी बोलले नाही. तुझा खोकला वाढला. मला नोकरी लागली त्याच हिवाळ्यात तार आली, आणि मी पोचले तेव्हा बायांची तुला अंघोळ घालून झाली होती. तुझे हात पांढऱ्या कापडाच्या आत होते. तेव्हापासून कोणी तुझ्याबद्दल विचारलं तर मी एकच सांगत आले, आमची आई कष्टाळू होती पण तुसडी होती, तिनं मला कधी जवळ घेतलं नाही. पुरावा म्हणून तो फोटोही दाखवला आहे मी.

आज त्या मुलीनं मला पथारीवर एका म्हातारीशेजारी बसवलं. म्हणाली, "मॅडम, देठ खुडल्यासारखं करा, हातात मिरच्या घ्या, भरपूर घ्या." मी घेतल्या. बेतानं नाही, दोन्ही हातांनी. देठ मोडायला लागले आणि हात थांबेचनात. म्हातारी माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "कोन गावनी व बाई तू?" इतक्या वर्षांनी तोंडात ती भाषा कशी आली कोणास ठाऊक. मी म्हटलं, "मी आठलीच शे, मावशी. मन्ही माय बी देठ खुडे." कॅमेऱ्यामागची मुलगी थांबली. मी तुझं नाव सांगितलं, कुठल्या पथारीवर बसायचीस ते सांगितलं. म्हातारीनं आठवून बघितलं, अगदी मनापासून आठवून बघितलं, आणि म्हणाली, "नही व, ध्यानमा नही येत. किती बाया उन्यात, किती गयात." मला एकदम फार एकटं वाटलं. या गावात तुझं नाव माहीत असलेली मी एकटीच उरले होते, आणि मीसुद्धा सकाळपासून ते लपवत होते. माझा चेहरा पडला असणार. म्हातारी पुढे सरकली. दोन्ही हात वर धरले, आणि कोपरानं माझा गाल वरून खाली हळूच पुसला. दोनदा.

मुलगी ओरडली, "मावशी, परत करा ना एकदा. पण हातानं करा, हातानं छान दिसेल." म्हातारीनं तिच्याकडे असं बघितलं, जणू शहाण्या माणसानं हे काय विचारावं. "हात लावू? तिन्हा तोंडनी आग व्हई जाई, बेटा." आणि ती परत देठ खुडायला लागली. मी तिथेच बसून राहिले माय. गाल मला ओळखीचा वाटत होता, म्हणजे गालाला ते कोपर ओळखीचं वाटत होतं. ते ढकलणं नव्हतं. काकू हसायची ते यासाठी.

उठताना म्हातारी म्हणाली, "डोयाले हात नको लावजो. रातलोंग जात नही ती." मी मास्तरीण. मी टँकरच्या नळाखाली साबण लावून तीनदा हात धुतले, नखं घासली, वास घेऊन बघितला. स्वच्छ. चहाच्या टपरीवर चष्मा काढून सहज डोळा चोळला आणि बाकावरच्या बाकावर आडवी व्हायची वेळ आली. टपरीवाल्यानं दूध दिलं, मुलीनं पाण्याच्या बाटल्या ओतल्या, तरी पाव तास मला काही दिसलं नाही. फक्त अर्धा तास मिरची हाताळली होती मी, जन्मात पहिल्यांदा. तू चार-चार महिने रोज हाताळायचीस, फोटोच्या आदल्या संध्याकाळपर्यंत हाताळली होतीस. साबणानं ती जात नाही हे पथारीवरच्या पाच वर्षांच्या पोरीलाही माहीत असतं. मलाच तेवढं माहीत नव्हतं, कारण तू मला पाटीला हात लावू दिला नाहीस. तो पिवळा ड्रेस मला दुसऱ्या दिवशी नाशिकपर्यंत घालायचा होता. खांद्यावर, मानेशी तुझे हात लागले असते तर मी सबंध वाट आग आग करत गेले असते. एवढं समजावून सांगता आलं असतं तुला. पण तू कधी एका वाक्याचं दुसरं वाक्य केलं नाहीस. डोळ्याची आग थांबली, आणि मग मी रडले. मुलीला वाटलं, अजून आग होतेय. ती बिचारी आणखी पाणी आणायला धावली.

निघताना ती म्हणाली, "मॅडम, एक फोटो दोघींचा." टपरीवाल्याच्या हातात कॅमेरा दिला आणि मला अगदी बिलगून उभी राहिली. संध्याकाळी लॉजवर तिनं फोनवर फोटो पाठवले. स्टेशनावरचे, दारातले, सगळे छान आहेत. म्हातारीच्या कोपराचा मात्र नाही, तेव्हा मुलगी नुसती बघत राहिली होती. शेवटचा तो दोघींचा. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसतेय, आणि मी शिपायासारखी ताठ उभी आहे, दोन्ही हात पाठीमागे. तिचा कुडता पांढरा होता ना. ज्याला माहीत नाही तो हा फोटो बघून म्हणेल, ही बाई काय तुसडी आहे. मी पर्समधला आपला फोटो काढून फोनशेजारी ठेवला. बराच वेळ दोन्ही बघत बसले.

तरी एक भांडण शिल्लक आहे, ते सोडणार नाही. हंगाम चार महिन्यांचा. उरलेल्या महिन्यांत तुझे हात तिखट नव्हते. तेव्हा तरी जवळ घ्यायचंस. की तोपर्यंत तुला सवयच राहायची नाही? माझीही राहिली नाही, हे तुला सांगून ठेवते. ती मुलगी बिलगली तेव्हा हात तिखट नसते तरी मला काय करावं ते सुचलं नसतं, असं वाटतं.

हे पत्र घडी करून त्याच प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवते, दुसरीकडे कुठे टाकणार? उद्या सकाळच्या एसटीनं जाईन. एक गोष्ट मात्र वर खोटी लिहिली आहे. बोट घसरलं नव्हतं. मी 'दोन' हे बघून, नीट चष्मा लावून भरलं होतं. तुला पुन्हा एकदा माझ्याशेजारी फोटोला उभं करायचं होतं, आणि या खेपेला तू खांद्यावर हात ठेवतेस का ते बघायचं होतं.