‘येतो’ म्हणणारा बॅक आणि ‘आहे’ म्हणणारा बॅक

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. नवा डावा गुडघा कसा आहे? तुझ्या ठमीचा फोन आला होता. म्हणाली, चौथ्या दिवशीच तू कठडा धरून जिना चढलास आणि व्यायाम करून घेणाऱ्या बाई तुझ्यावर खूश आहेत. (असणारच. सांगितलेलं मुकाट्याने करणारा माणूस कुणाला आवडत नाही? माझ्यावर आजवर एकही डॉक्टर खूश झालेला नाही.) वहिनींना नमस्कार सांग. लेकीच्या घरी तरी स्वयंपाकघरात शिरू नका म्हणावं. बाबांची प्रकृती उत्तम आहे. हे वाक्य मी मुद्दाम इथे, अगदी सुरुवातीला लिहून ठेवतो आहे, कारण खालचा मजकूर वाचताना मधेच तुझ्या छातीत धस्स होईल. तेव्हा वर यावं आणि हे वाक्य पुन्हा वाचावं.

समोरच्या शिंपीणबाईंनी तुला फोन केला असेलच. त्या म्हणाल्या असतील की बाबा हरवले होते आणि मी भाषण ठोकत होतो. दादा, आयुष्यभर मी अर्धसत्याविरुद्ध बोलत आलो, आणि इथे एका बाईने शिवणयंत्रावर बसल्या बसल्या माझ्याविरुद्ध संपूर्ण सत्य सांगून टाकलं, त्यामुळे माझी फार पंचाईत झाली आहे. त्यात ठमीने सांगितलं की तू रविवारचं परतीचं तिकीट काढलंस आणि उजव्या गुडघ्याचं ‘पुढे बघू’ असं सर्जनना सांगून मोकळा झालास. म्हणून हे पत्र. लांबेल. तुला माझी सवय आहे.

तू जाताना भिंतीला एकतीस कलमांचा कागद लावून गेलास. बाबांच्या गोळ्या, बाबांचा चष्मा, बाबांचा निळा मग (दुसऱ्या मगातला चहा ते पीत नाहीत, कलम सात). मी तो कागद वाचायला घेतला आणि अकराव्या कलमापर्यंत आलो. तिथे तू लिहिलं आहेस, ‘बातम्या लावू नये, चिडतात.’ आता मला सांग, ज्या माणसाने कारखान्यात भट्टीवरचा मुकादम असताना मालकाच्या तोंडावर सांगितलं की माणसं वितळत नसतात, त्या माणसाला बातम्यांपासून वंचित ठेवायचं? मी समासात तीव्र निषेध नोंदवला, मग त्या निषेधाचं स्पष्टीकरण लिहिलं, आणि पुढची वीस कलमं वाचायची राहून गेली. बातम्या लावल्या. बाबा चिडले. रिमोट अजून सापडलेला नाही.

पहिले तीन दिवस बाबा दारात उभे राहायचे. न्हाणीघराच्या दारात, गॅलरीच्या दारात, चौकटीला हात लावून, वीस-वीस मिनिटं. काहीतरी पुटपुटायचे आणि थांबायचे. मला वाटलं, चिंतन चाललं आहे. म्हातारपण हाही एक उंबरठाच असतो, या विषयावर मी त्यांच्याशी बराच वेळ बोललो. चौथ्या दिवशी शिंपीणबाई बाबांचा उसवलेला सदरा द्यायला आल्या, दारातूनच बघितलं आणि म्हणाल्या, “अहो, ते कधीचे ‘येतो’ म्हणताहेत. ‘आहे’ म्हणा की. मोठे भाऊ रोज म्हणतात, मला पलीकडे ऐकू येतं.” मी “आहे” म्हणालो आणि बाबा शहाण्यासारखे आत गेले. कलम एकोणीस. ‘बाबा येतो म्हणाले की आहे म्हणायचं. कुठेही असलास तरी.’

दादा, मी विसरलो होतो. खरं सांगतो, पार विसरलो होतो. कारखान्याच्या फुटबॉल संघात बाबांनी घातलेला नियम: दोन्ही कडांच्या बॅकपैकी जो पुढे जाणार, त्याने ओरडून सांगायचं. आणि ‘जातो’ म्हणायचं नाही. घरातून निघताना म्हणत नाही, मग मैदानात का म्हणायचं? ‘येतो’ म्हणायचं, म्हणजे परत यायचं आहे हे पायांच्या लक्षात राहतं. पलीकडच्याने ‘आहे’ म्हणायचं आणि आत सरकून मोकळी जागा झाकायची. ‘आहे’ ऐकू आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. तू डावा, मी उजवा. बाबांना आता आपली नावं आठवत नाहीत, पण हा नियम आठवतो, आणि घरातल्या घरात अकरा वर्षं तू त्यांना ‘आहे’ म्हणत आला आहेस. मला या घरातून निघताना ‘येतो’ म्हटल्याचंसुद्धा आठवत नाही.

असो. कारखान्याच्या क्लबचे चिटणीस आले. बक्षीस समारंभ होता. म्हणाले, तुम्ही गावात आहात तर पंधरा मिनिटं बोला, विषय तुमच्या आवडीचा. मी विषय दिला, ‘आधुनिक फुटबॉलमधला बॅक: आक्रमक की बचावात्मक?’ कार्यक्रम दुपारी चारला होता. बाबांना इस्त्रीचा सदरा घालून घेऊन गेलो, पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसवलं. निळा मग बरोबर घेतला. (आठवलं की नाही कलम सात?)

भाषण रंगलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, मित्रहो, एके काळी बॅक म्हणजे दाराशी बसवलेला राखणदार होता. त्याने कडेचा खेळाडू अंगावर घ्यायचा, त्याला बाहेरच्या बाजूला रेटायचं, चेंडू प्रेक्षकांत भिरकावायचा आणि पुन्हा दाराशी जाऊन बसायचं. आजचा बॅक शेवटच्या रांगेतला म्हणून जन्मला, पण शेवटच्या रांगेत राहायला त्याने नकार दिला. तो कडेने वर धावतो, मैदान रुंद करतो, समोरच्याला मागे पळायला लावतो, गोलसमोर क्रॉस टाकतो. कधी आत वळून मधल्या फळीत जाऊन बसतो. मागे जागा मोकळी पडते? पडू द्या. ज्याने कधीच जागा सोडली नाही, त्याने जग काय पाहिलं? इथे टाळ्या पडल्या. मग नेहमीप्रमाणे मी बत्तीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यावर आलो, माझ्या गोलवर. शेवटची पाच मिनिटं, उजवी कड, माझी धाव. आवाज खाली आणला, सभागृह गप्प झालं, आणि त्या शांततेत बाबा उभे राहिले आणि स्वच्छ म्हणाले, “येतो.”

आणि मी, माइकसमोर, त्यांच्याकडे न पाहता, “आहे” म्हणालो आणि पुढचं वाक्य घेतलं.

लोकांना वाटलं, भाषणातलीच खुबी आहे. प्रचंड टाळ्या झाल्या. बाबा त्या टाळ्यांतून बाहेर गेले. पंधरा मिनिटांचं भाषण मी पंचावन्न मिनिटं केलं. खाली उतरलो, गळ्यात हार पडला, आणि खुर्चीवर फक्त निळा मग होता.

मी किती ठिकाणी शोधलं ते लिहीत नाही. चिटणीस एका दिशेला गेले, शिंपीणबाई शिवण टाकून दुसऱ्या दिशेला. मी गळ्यात हार तसाच घेऊन रस्त्याने “बाबा, आहे, आहे” असं ओरडत पळत होतो. (एका सद्गृहस्थांनी मिरवणूक समजून वाट करून दिली.) एवढ्या वर्षांत माझा आवाज कधी बसला नव्हता, तो त्या दिवशी दीड तासात बसला. एका कोपऱ्यावर थांबलो आणि मनात आलं की हे तुला फोनवर कोणत्या वाक्याने सांगायचं. दादा, मला वाक्य सुचलं नाही.

बाबा कारखान्यामागे सापडले. आपलं मैदान आता मालट्रकांचा तळ आहे, तू जाताना तिकडून जात नाहीस हे मला माहीत आहे. दोन ट्रकांच्या मधे, अंगणाएवढ्या मोकळ्या जागेत, बाबा गुडघ्यात किंचित वाकून उभे होते. एक ट्रकचालक शेजारी टायरवर बसला होता. मला म्हणाला, “तुमचे का? म्हणाले, ही माझी जागा आहे, गाडी हलव. हलवली.” मी म्हटलं, एवढी मोठी गाडी? तर म्हणाला, “ज्या सुरात सांगितलं ना, तुम्ही पण हलवली असती.” मी अंदाजाने मोजलं. जुन्या गोलखांबापासून बरोबर तुझी जागा होती. डाव्या बॅकची. मुळात त्यांचीच, तुझ्या आधीची.

मी जवळ गेलो. त्यांनी मला पाहिलं आणि ओळखलं. तू म्हणून ओळखलं.

म्हणाले, “उजवा आला का परत?” माझ्या बसलेल्या आवाजात मी म्हटलं, नाही, अजून नाही. “हाक दिली होती त्याने?” म्हटलं, नाही दिली. “देत नाही तो. भोंगा आहे नुसता. हवं तेव्हा वाजत नाही.” मग माझ्या, म्हणजे तुझ्या, उजव्या गुडघ्याकडे बोट करून म्हणाले, “दुखतो का?” मी म्हटलं, दुखतो. आणि मग ते जे म्हणाले ते मी शब्दशः लिहितो, एक काना-मात्रा माझी नाही, ट्रकचालक साक्षीला आहे, त्याचा फोन नंबर मी घेऊन ठेवला आहे: “तू पण एकदा जा वर. सारखं मागे नको राहूस. मागचं मी बघतो.”

दादा, तो निरोप तुझा होता. चुकून माझ्या हातात पडला. बत्तीस वर्षांपूर्वी मी हाक न देता वर गेलो, माझी जागा उघडी पडली, आणि तू अख्खं मैदान आडवं कापत आलास, चेंडू अडवून वर माझ्याकडे मारलास आणि उजव्या गुडघ्यावर पडलास. सामना संपला तेव्हा तू तिथेच पडून होतास आणि मी पलीकडे लोकांच्या खांद्यावर होतो. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. तुझा पाय सहा महिने प्लास्टरमध्ये होता आणि मी त्याच सहा महिन्यांत शहर सोडलं. त्या गोलवर मी शेकडो भाषणं केली. तुझ्या गुडघ्यावर एकही केलं नाही. लोक विचारतात, आक्रमक बॅक श्रेष्ठ की बचाव करणारा? माझं मत बदललेलं नाही, मी मतं बदलणाऱ्यांतला नाही. बॅकने पुढे गेलंच पाहिजे. फक्त एवढंच की पुढे जाणं हा एकट्याचा पराक्रम आहे, असं मी चुकीचं शिकवत आलो. एक जण वर जातो तेव्हा दुसरा आत सरकतो, आणि त्याचं सरकणं कुणी बघत नाही, कारण सगळे चेंडूकडे बघत असतात. मीही.

ठमीला आशीर्वाद. तिच्या घरातल्या मांजराने तुझी काठी पळवली असं कळलं, काळजी घे. पत्र फार लांबलं, क्षमा असावी.

तुझा,
भोंगा

ता. क. १: तिकीट रद्द कर. उजवा गुडघा करून घे. डावा वयाने गेला होता, उजवा माझ्यामुळे गेला, आणि तोच तेवढा करायचा राहिला तर मला ते चालणार नाही. सर्जन सहा आठवडे म्हणाले आहेत ना, सात राहा. माझी पुढच्या दोन महिन्यांची सगळी व्याख्यानं मी रद्द केली आहेत. (आयोजकांपैकी दोघांना दुःख झालं, बाकीच्यांनी फारच पटकन ‘हरकत नाही’ म्हटलं.)

ता. क. २: कागद एकतिसाव्या कलमापर्यंत वाचला. समासातले माझे निषेध खोडले आहेत. अकरावं कलम बरोबर होतं. एकतिसावं समजलं नाही: ‘तूही वेळेवर जेव.’ हे बाबांच्या यादीत कसं आलं?

ता. क. ३: चिटणीस माझं भाषण स्मरणिकेत छापू म्हणतात. मी नको म्हटलं. त्या गोलबद्दल एक गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मी गोल मारला नव्हता. क्रॉस टाकला होता, तो चुकला आणि आत गेला. तू तिथून, त्या टोकाहून, जमिनीवर पडल्या पडल्या ते पाहिलं होतंस. हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि तू कधीच कुणाजवळ बोलला नाहीस, हेही मला माहीत आहे.

ता. क. ४: अजून एक गोष्ट विचारायची होती, निळ्या मगाचा कान त्या गडबडीत तुटला, तो कशाने चिकटवावा? पण राहू दे, पुढच्या फोनवर बोलू. बाबांनी आतून ‘येतो’ म्हटलं आहे. हल्ली मी बसल्या जागेवरून उत्तर देत नाही. उठतो.