एकसष्ट टक्क्यांवर घाट

१ डिसेंबर, रविवार. सकाळी ९.

आजपासून रोज लिहायचं. ठराव एकच. चोवीस तारखेला, नाताळच्या आदल्या दिवशी, मी स्वतः गाडी चालवत घाट ओलांडणार आणि हाल्वारच्या थडग्यावर माझ्या हाताने मेणबत्ती लावणार.

हाल्वारला जाऊन हा तिसरा नाताळ. त्याला आईवडिलांशेजारी पुरून घ्यायचं होतं. म्हणून तो घाटापलीकडे, माझ्या सासरच्या गावी, आणि मी अलीकडे. पहिल्या वर्षी माझा गुडघा दुखत होता. दुसऱ्या वर्षी घाट बंद होता. दुपारी उघडला, पण तोवर मी कोट काढून ठेवला होता. दोन्ही वर्षी नणंदेने, मागन्हिल्डने, मेणबत्ती लावली आणि मला फोटो पाठवला. तिची मेणबत्ती प्लास्टिकची असते, आत सेल घातलेली. 

यंदा मागन्हिल्ड नाताळला कॅनरी बेटांवर चालली आहे, उन्हात बसायला. म्हणजे मी गेले नाही, तर त्या दिवशी सगळ्या दफनभूमीत दिवे असतील आणि एकटा हाल्वार अंधारात. हे होणार नाही.

गाडी इलेक्ट्रिक आहे, ऑगस्टमध्ये घेतली. तिचं माहितीपुस्तक तीनशे बारा पानी. दोनदा वाचून काढलं. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकले ते लायब्ररीतल्या पुस्तकांवरून. मधमाश्यासुद्धा पुस्तकावरून पाळल्या. गाडी त्यापुढे काय? पुस्तक म्हणतं, एका चार्जमध्ये चारशे तीस किलोमीटर. दफनभूमी इथून एकशे अठरा. जाऊन, परत येऊन, पुन्हा जाता येईल.

४ डिसेंबर, बुधवार.

काल दिवसभरात चाळीस सेंटिमीटर बर्फ.

या गाडीच्या दाराची मूठ दारातच सपाट बसलेली असते. किल्ली जवळ आली की आपणहून बाहेर येते. आज आली नाही. गोठली होती. डिक्की उघडली, तिथून आत शिरले आणि सीटांवरून पुढे सरकले. सरकताना कोपर हॉर्नवर. शेजारचा स्टाइनार ट्रॅक्टर थांबवून बघत होता. म्हणाला, गुनवोर, कोंबडी खुराड्यात शिरते तशी शिरलीस बघ. मी म्हटलं, नव्या गाड्यांत असंच बसतात.

व्यायाम चांगला झाला.

७ डिसेंबर, शनिवार.

चार्जिंगचं झाकण गोठलं. किटलीभर उकळतं पाणी ओतलं. पान १८८ वर लिहिलंय की पाणी ओतू नये. ते मला माहीत होतं. पण ते वेंधळ्या लोकांसाठी लिहिलंय, मी बेताने ओतलं.

उणे सोळा होतं. झाकणावर काच बसवल्यासारखा बर्फ झाला.

स्टाइनार बायकोचा हेअर ड्रायर घेऊन आला. तासभर बसला वारा घालत. म्हणाला, हाल्वारच्या जुन्या डिझेलला एक लाथ घातली की चालू व्हायची. मी म्हटलं, म्हणूनच ती भंगारात गेली. मग म्हणाला, चोवीसला मी सोडतो तुला, माझी गाडी डिझेलची आहे, काही विचारू नकोस, बस नुसती. मी म्हटलं, तुझं घर आहे, नातवंडं आहेत. तो म्हणाला, नातवंडांपासून सुटायलाच तर येतोय.

नाही म्हटलं. मला एकटीलाच जायचं आहे. दोन वर्षं तेच सांगत आले आहे सगळ्यांना.

११ डिसेंबर, बुधवार.

आज जे झालं त्यात माझी चूक नाही, हे आधी लिहून ठेवते.

आमच्याकडे ऑक्टोबरमध्ये, जमीन गोठायच्या आत, रस्त्याच्या दोन्ही कडांना उंच काठ्या रोवून ठेवतात. पुढे सगळं पांढरं झालं की रस्ता कुठे आणि खड्डा कुठे हे त्या काठ्यांवरूनच कळतं. बेचाळीस वर्षं आमच्या काठ्या हाल्वार रोवायचा, दोरी लावून, मोजून. मागची दोन वर्षं स्टाइनारने रोवल्या, यंदा मी. दोरी सापडली नाही. पण इतकी वर्षं ज्या रस्त्यावरून चालतेय तो काय मोजायचा? डोळे मिटूनही सांगेन.

सोमवारी स्टाइनारने माझ्या काठ्या बघून ट्रॅक्टरने बर्फ सारला. त्यात माझी टपालपेटी गेली आणि बेदाण्याची तीन झुडपं. आज मी दोन काठ्यांच्या बरोबर मधून, अगदी सावकाश गाडी नेली आणि उजवी दोन्ही चाकं ओढ्यात.

स्टाइनारने साखळी लावून ओढली. मग बुटांनी अंतर मोजत मोजत काठ्यांपाशी गेला. म्हणाला, दीड मीटर. मी म्हटलं, रस्ता सरकला असेल, जमीन गोठली की सरकते, वाचलंय मी. तो म्हणाला, सरकला खरा, आणि जाताना टपालपेटीही घेऊन गेला.

त्याचं हसू अर्धा किलोमीटर ऐकू येत होतं.

१४ डिसेंबर, शनिवार.

सराव. दुकान जाऊन-येऊन बावीस किलोमीटर. गाडीच्या आकड्याप्रमाणे त्रेपन्न किलोमीटरांची बॅटरी संपली. दुकानाच्या उतारावर पाय उचलला तर गाडी आपणहून ब्रेक लावू लागली आणि बर्फावर आडवी झाली. समोरून येणारा दूधवाल्याचा ट्रक थांबला. काच खाली करून म्हणाला, उतरायचंय की चढायचंय, एक काय ते ठरव.

पुस्तकात हे पान २०४ वर आहे. बर्फावर ही सोय बंद करावी म्हणून. वाचलं होतं. आठवण्याची वेळ चुकली, एवढंच.

हाल्वार शेजारी असता तर काही बोलला नसता. नुसता दाराची कडी घट्ट धरून बसला असता. ते जास्त लागलं असतं.

१७ डिसेंबर, मंगळवार.

मागन्हिल्डचा फोन. बॅग भरून झाली, पोहण्याचा पोशाख घेतला, वयाच्या बहात्तराव्या वर्षी. म्हणाली, अगं, चर्चच्या माणसाला सांगून ठेवते ना मी, तो लावेल मेणबत्ती, कशाला त्या खेळण्यातल्या गाडीने जीव धोक्यात घालतेस? मी म्हटलं, काही गरज नाही. ती म्हणाली, बर्फ खांद्याइतका असतो तिथे, तू कधी हिवाळ्यात आलीच नाहीस. मी म्हटलं, नवरा माझा आहे. ती म्हणाली, भाऊ माझा होता.



मग ती म्हणाली, बरं, मग मी कुणालाच सांगत नाही हं, तुझ्यावर सोडलं. मी म्हटलं, सोड. आता मागे फिरायची सोय उरली नाही. बरंच झालं.

२० डिसेंबर, शुक्रवार.

नवा विचार. खरी बॅटरी खातो तो हीटर. हीटर बंद ठेवायचा. अंगणात गाडीत बसून तासभर चाचणी घेतली. उणे चौदा. हाल्वारचा मेंढीच्या कातड्याचा कोट, दोन लोकरी पायमोजे, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. कोटाला अजून त्याच्या तंबाखूचा वास आहे. जरा डोळे मिटले.

स्टाइनारने काच ठोठावली. घाबरलेला होता. म्हणाला, गुनवोर, जिवंत आहेस ना? मी म्हटलं, प्रयोग चालू आहे. तो म्हणाला, असले प्रयोग घरात कर, मला हार्ट अॅटॅक यायचा.

चाचणी यशस्वी. फक्त आतून काचा गोठतात आणि बाहेरचं दिसत नाही. त्यासाठी हाताशी खरवडणी ठेवावी.

२३ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.

सगळं तयार. काचेच्या बरणीतली मेणबत्ती, साठ तास चालणारी, खऱ्या मेणाची. थर्मास, लेफ्सेच्या बटाट्याच्या पातळ पोळ्या लोणी-साखर लावून गुंडाळून, संत्री, फावडं. गाडी चार्जिंगला लावली, झाकणाने त्रास दिला नाही. सकाळी शंभर टक्के असेल. परत आल्यावर रांधायला नको म्हणून मटणाच्या फासळ्या आत्ताच वाफवायला ठेवल्या आहेत, ओव्हनमध्ये केक आहे, आणि तिन्ही खोल्यांतले हीटर पूर्ण लावलेत, उद्या घर गार नको.

वाऱ्याचा इशारा आहे. घाट एकेकट्या गाडीला बंद, बर्फ सारणाऱ्या ट्रकमागे रांगेने सोडणार. रांग तर उलट सोपी, पुढच्याच्या मागे जायचं.

२४ डिसेंबर, मंगळवार. सकाळी ७.

फ्यूज उडाला होता. काल कधीतरी. केक कच्चा, फासळ्या अर्धवट, गाडी एकसष्ट टक्के. घराची वायरिंग माझ्या वडिलांच्या काळची, त्यात माझा दोष काय?

एकसष्ट पुष्कळ झाले. निघाले.

सकाळी १०.१५.

घाटाच्या फाटकापाशी. बावन्न किलोमीटर, सगळा चढ, सगळा ताजा बर्फ. मध्ये दोनदा उतरून चाकांपुढचा बर्फ फावड्याने काढला. गाडी सारखी बोलते. सेन्सर झाकले गेलेत म्हणते. रस्त्याची रेघ दिसत नाही म्हणते. मलाही दिसत नव्हती, मी बोलले का? शेवटी पडद्यावर कॉफीचा कप दाखवून म्हणाली, विश्रांती घ्या.

चौतीस टक्के. पुढे सोळा गाड्या. हीटर बंद केला.

दुपारी १२.४०.

रांग हललेली नाही. पाय जाणवत नाहीत. दहा मिनिटं हीटर लावला, मग आणखी दहा. अठ्ठावीस.

पिवळ्या जॅकेटातली बाई यादी घेऊन प्रत्येक गाडीपाशी जाते आहे. मला विचारलं, बॅटरी किती? मी म्हटलं, भरपूर. ती म्हणाली, भरपूर म्हणजे किती टक्के? सांगितलं. तिने यादी बंद केली. म्हणाली, इलेक्ट्रिकला निम्म्याच्या खाली सोडत नाही मी. वर एखादी गाडी अडकली की सगळी रांग दोन-दोन तास उभी असते. तुला गोठलेली खाली आणायची म्हणजे माझ्या घरचं नाताळचं जेवण गेलं. मी म्हटलं, हीटर लावत नाही मी, चाचणी घेतली आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग जरा हळू आवाजात म्हणाली, कोण आहे पलीकडे? मी म्हटलं, नवरा. ती म्हणाली, मग त्याला फोन कर, समजून घेईल तो.

डोळ्यांत बर्फ गेला. वारा फार होता.

दुपारी ३. घरी.

मी कुणाकडे काही मागत नाही. हे मागणं नव्हे, निरोप देणं आहे.

मागच्या गाडीत एक दाढीवाला आणि त्याच्याएवढा कुत्रा. वीस वर्षं जुनी डिझेल. मी बर्फ बघितल्यासारखं करत तिच्या जवळून दोनदा गेले आणि आले. तिसऱ्यांदा त्याने काच खाली केली. म्हणाला, काही हरवलंय का? मी विचारलं, पलीकडे जाणार का? तो म्हणाला, नाही, मला रांगेत उभं राहायला आवडतं. मग माझं तोंड बघून हसू आवरलं त्याने.

नाव येर्मुंड. दफनभूमी त्याच्या रस्त्यावरच आहे. मी मेणबत्ती दिली, काडेपेटी दिली, लेफ्सेही दिले. आडनाव स्कोर्वे सांगितलं. म्हटलं, वरची रांग, भिंतीकडून तिसरा दगड. बर्फ खणत बसू नकोस, मोज फक्त. तो म्हणाला, तिसरा, नक्की ना? मी म्हटलं, नवऱ्याचं थडगं कुठे ते मला माहीत नसेल तर कुणाला असेल?

फोटो पाठवायला त्याने माझा नंबर घेतला.

सव्वा वाजता ट्रक आला. त्याच्या मागे सगळे गेले. मी एकटी गाडी वळवून उलट निघाले. उतारावर बॅटरी भरत गेली. तीन टक्के वाढली. घरी जाताना गाडी अशी खूश.

संध्याकाळी ५.

चर्चच्या घंटा झाल्या. येर्मुंडचा मेसेज आला. लावली. दोनदा विझली वाऱ्याने, तिसऱ्यांदा टिकली. मी आणि कुत्रा थोडा वेळ उभे राहिलो. तुझा नवरा चांगला माणूस असणार.

फोटो पाहिला. खांद्याइतक्या बर्फात नीट खळगा केलेला, आत माझी मेणबत्ती, मागे थोडासा साफ केलेला दगड. वर स्कोर्वे दिसतंय. दगड तांबडा.

हाल्वारचा दगड करडा आहे. मी निवडला होता.

तांबडा श्यूरचा. हाल्वारचा चुलतभाऊ. एका बोटीवरून एकतीस वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नव्हते. श्यूर गेला तेव्हा हाल्वार म्हणाला होता, एक कटकट मिटली.

एवढ्या मोठ्या माणसाला तीनपर्यंत मोजता येत नाही. उद्या लिहीन त्याला.

२५ डिसेंबर, बुधवार. सकाळी १०.

येर्मुंडला चांगलं सुनवायचं म्हणून पुरावा काढला. चर्चने दफनानंतर पाठवलेलं पत्र. वरची रांग, भिंतीकडून क्रमांक चार.

दोनदा वाचलं. चारच आहे.

उन्हाळ्यात चार वेळा गेले मी तिथे. मोजलं कधीच नव्हतं. सरळ चालत जायचे आणि करड्या दगडापाशी थांबायचे.

मागन्हिल्डला फोन करून सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. मागे लाटांचा आवाज येत होता. ती म्हणाली, श्यूरला कोण लावणार होतं गं, त्याचं कुणीच नाही. मग म्हणाली, पुढच्या वर्षी माझ्याकडे बावीसलाच ये. मी म्हटलं, स्टाइनारला विचारते, सोडतोस का म्हणून.

येर्मुंडला उत्तर लिहिलं. हो, फार चांगला माणूस होता. श्यूरबद्दल असं लिहिणारी मी पहिलीच असेन.

फोटो मोठा करून पाहिला. खळग्याच्या उजवीकडे बर्फाचा नुसता एक उंचवटा आहे. त्याच्या अलीकडच्या बाजूवर मेणबत्तीचा थोडा पिवळा उजेड पडला आहे.

तो चौथा.