काटकोनात बसवलेली वायर

२ फेब्रुवारी, रविवार

घरात इंटरनेट येऊन आज आठवडा झाला. सूनबाईसाठी घेतलं. ती घरात बसून पडद्यावरून मुलांना गणित शिकवते. चिरंजीव सहा महिने परगावी कामाला, म्हणजे घराची जबाबदारी माझ्यावर.

वायर बसवून गेला तो माणूस चाळिशीचा, स्वभावाने गरीब. खांद्यावरची शिडी पाणी प्यायलासुद्धा उतरवत नाही, म्हणून आम्ही त्याला शिडीवालाच म्हणतो. पण कामात सफाई नाही. वायर भिंतीवरून नुसती सोडून दिलेली, कोपऱ्यात ढिली, गोल गोल. शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात माझी अडतीस वर्षं गेली. कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. ढिला दोरा म्हणजे बिघडलेली शिलाई, हे मला झोपेतही कळतं.

सूनबाई आणि ही बाजारात गेल्यावर काम उरकलं. वायर ताणली. कोपरे काटकोनात मुडपून अंगठ्याने दाबले. बावीस क्लिपा ठोकल्या. उरलेली वायर घडी घालून कपाटामागे बांधली. रेघ अशी सरळ आली की बघत राहावं.

ही आल्या आल्या म्हणाली, अहो, हे कुणी केलं? मागच्या महिन्यात बेसिनच्या नळाचं जे झालं, तेव्हापासून माझ्या हातोडीवर बंदी आहे. म्हटलं, कंपनीचा माणूस आला होता, नीट करून गेला. ही म्हणाली, बघा, याला म्हणतात काम. तुम्ही असता तर भिंत पाडली असती.

त्याच्या वतीने कौतुक स्वीकारलं.

३ फेब्रुवारी. सकाळी ८:४०

नेट बंद. वायर जिथे संपते त्या डबीवर लाल दिवा. योगायोग.

त्याच दिवशी, दुपारी

सूनबाईने जिन्यात बसून मोबाइलवर शिकवणी घेतली, कारण रेंज तिथेच येते. मांडीवर वही, शेजारी कुणाच्या तरी चपला. मुलांची परीक्षा दहा दिवसांवर आहे. मी दोनदा उशी नेऊन दिली. दुसऱ्यांदा ती म्हणाली, बाबा, एक उशी पुरते.

कंपनीला फोन करायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. यंत्र बोललं: बिलासाठी एक, वेगासाठी दोन, जागा बदलण्यासाठी तीन, तंत्रज्ञाच्या कामाविषयी चार. सूनबाई शेजारी उभी. ती म्हणाली, चार दाबा बाबा, रविवारी तो येऊन गेल्यावरच बंद पडलंय.

पाच असतं तर पाच दाबलं असतं. चार दाबलं.

५ फेब्रुवारी

शिडीवाला आला. खिशातून एक पेन काढलं, वायरच्या तोंडाला लावलं. त्यातून लाल उजेड सोडतात. म्हणाला, आत काचेचा तंतू असतो काका, केसासारखा. वायर धड असेल तर उजेड आतल्या आत जातो. मोडली असेल तिथून बाहेर फुटतो.

माझ्या पहिल्या कोपऱ्यात फुटला. दुसऱ्यातही. कपाटामागे तर निखारा ठेवल्यासारखं दिसत होतं.

त्याने क्लिपा पाहिल्या. मग सूनबाई म्हणाली, दादा, रविवारी तुम्हीच केलंत ना हे? इतकी घाई कशाला करायची?

तो म्हणाला, रविवारी? आणि माझ्याकडे पाहिलं.

मी छताकडे पाहिलं. छताला रंग द्यायला हवा.

तो म्हणाला, हो ताई. आलो होतो. चुकलं माझं.

नवी वायर टाकली, पुन्हा तशीच ढिली. दिवा हिरवा झाला. मी चहा आणला, दोन वेळा आग्रह केला, बिस्किटांचा पुडा जबरदस्तीने खिशात कोंबला. जाताना तो दारात हळूच म्हणाला, काका, आता पुन्हा तक्रार नका करू. महिन्यात तीन झाल्या की आमच्याकडून एरिया काढून घेतात. ही दुसरी आहे.

म्हटलं, छे छे! काळजीच सोड.

६ फेब्रुवारी

रात्रभर बिस्किटं डोळ्यांसमोर. पण विचार केला तर नुकसान कुणाचंच नाही. नेट सुरू आहे. तरी माणसाने मन मोठं ठेवावं. संकल्प: त्याचं तोंडभर कौतुक करायचं, थेट कंपनीकडे.

सकाळी ११

फोन केला. तंत्रज्ञाविषयी चार. पलीकडची मुलगी गोड बोलली. मी सांगितलं, माणूस सोन्यासारखा आहे. ती म्हणाली, नोंद घेते सर.

सकाळी ११:०५

सूनबाईचा मोबाइल वाजला, कनेक्शन तिच्या नावावर आहे ना. मी चष्मा लावून वाचलं: आपली तंत्रज्ञाविषयीची तक्रार नोंदवली आहे.

तिसरी.

मेसेज पुसून टाकला. त्याने कंपनीतली नोंद पुसली जात नाही, हे मला माहीत आहे. मी काही अडाणी नाही.

७ फेब्रुवारी

दोष माणसाचा नाही, पद्धतीचा आहे, हे आता लक्षात येतंय. म्हणून एक अभ्यास हाती घेतला आहे. शहरातल्या सगळ्या ब्रॉडबँड कंपन्यांच्या ग्राहकसेवेची तुलना. दोनशे पानी वही, लाल शाईने रकाने: फोन किती वेळात उचलला, किती वेळा सर म्हणाले, तांत्रिक ज्ञान, माणुसकी. समाजाला उपयोग होईल.

ही म्हणाली, आपलं नेट चालू आहे, मग हे कशाला? म्हटलं, तुला नाही कळायचं.

८ फेब्रुवारी

दुसरी कंपनी. एकवीस मिनिटं बासरी ऐकवली. मग एक मुलगा आला. विचारलं, समजा, एखाद्या सद्गृहस्थाने टापटिपीसाठी वायर काटकोनात वाकवली, तर दोष वायर बसवणाऱ्याचा, की अशी नाजूक वायर बनवणाऱ्याचा? तो म्हणाला, वाकवणाऱ्याचा, सर. म्हटलं, पण त्याला आत काच आहे हे सांगितलंच नसेल तर? तो म्हणाला, सर, आपण वायर वाकवली आहे का?

फोन ठेवला. माणुसकी: शून्य.

तिसरी कंपनी. चार सेकंदांत उचलला. बाई होत्या, माझ्या वयाच्या वाटल्या. तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, अहो, आमच्या यांनीही असंच केलं होतं. जीव भांड्यात पडला. विचारलं, मग काय केलंत? म्हणाल्या, यांनी सांगून टाकलं, मग लगेच दुरुस्त झालं.

तांत्रिक ज्ञान: बेताचं.

१० फेब्रुवारी

आपल्या कंपनीला पुन्हा फोन. ठणकावून सांगायचं ठरवलं होतं की तिसरी तक्रार ही तक्रार नव्हेच. सांगितलंही. यावेळी मुलगा होता. म्हणाला, म्हणजे आधीच्या तक्रारीच्या नोंदणीबद्दल आपली तक्रार आहे? म्हटलं, हो. म्हणाला, तंत्रज्ञ तेच ना?

चौथी.

११ फेब्रुवारी

खाली दुसराच माणूस शिडी घेऊन उभा. जवळ जाऊन सहज विचारलं, आपले ते नेहमीचे कुठे? म्हणाला, त्याला ऑफिसात बसवलाय. कुणीतरी म्हातारा हात धुऊन मागे लागलाय त्याच्या. सोमवारी मॅडम निकाल लावणार. चौदा वर्षं नोकरी केलेला माणूस, एरिया गेला तर गोदामात वायरींची भेंडोळी मोजत बसेल.

मी म्हटलं, लोक कसे असतात!

वर आलो तर सूनबाईची शिकवणी चालू. स्वच्छ आवाज, हिरवा दिवा. एका मुलाला सांगत होती, गणित चुकलं तरी चालेल, पण मधल्या पायऱ्या खोडू नकोस, कुठे चुकलं ते मला दिसू दे. मी दार लोटून घेतलं.

१२ फेब्रुवारी

संकल्प: आज ऑफिसात जाऊन सगळं सांगायचं. गुडघा दुखतोय. उद्या.

१३ फेब्रुवारी

गुडघा बरा. पण मुलांच्या परीक्षेचा दिवस, घर सोडून जाणं बरं दिसत नाही. परीक्षा मुलांच्या शाळेत आहे, ही गोष्ट वेगळी.

त्यापेक्षा लेखी बरं. सूनबाईच्या टॅबवर चॅट म्हणून प्रकार असतो. सविस्तर लिहिलं, मोत्यासारखं: एका वयस्कर गृहस्थाच्या अनवधानाने काही गैरसमज झाला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. लगेच उत्तर आलं: आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. संबंधित तंत्रज्ञावर योग्य ती कारवाई केली जाईल.

पाचवी. मी इतका सज्जन माणूस, आणि हात लावीन तिथे त्याच्या पाठीत धपाटा.

१५ फेब्रुवारी

वहीतला अभ्यास वाचून काढला. अकरा पानं. प्रत्येक कंपनीला मी एकच प्रश्न विचारलाय, आणि उत्तर मनासारखं आलं नाही की मार्क कापलेत.

ही म्हणाली, जेवण का जात नाही तुम्हाला? म्हटलं, अभ्यासाचा ताण. ही म्हणाली, नळाच्या वेळीही चार दिवस जेवला नव्हतात.

या बाईपुढे माणसाने काय लपवावं! तरी लपवलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९:१५

निघतोय. गुडघ्याला पट्टा बांधलाय. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलंय. त्यात गैरसमज हा शब्द तीनदा आला होता. तिन्ही ठिकाणी काट मारली.

दुपारी १

ऑफिस म्हणजे एक काचेची खोली, तीन टेबलं, टोकन देणारं यंत्र. मॅडम सूनबाईच्याच वयाच्या. म्हणाल्या, पाच तक्रारी आहेत त्याच्यावर या महिन्यात. म्हटलं, त्यातल्या चार माझ्या. मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

कागद काढला, पण चष्मा घरी. तसंच बोललो. वायर मी ओढली. क्लिपा मी ठोकल्या. त्या रविवारी तो आमच्याकडे फिरकलाही नव्हता, घरी मी खोटं सांगितलं. आणि त्याने सूनबाईसमोर माझं खोटं आपल्या अंगावर घेतलं, तेव्हा मी छताकडे बघत राहिलो.

बाजूच्या टेबलावरचं टाइपिंग थांबलं होतं. मॅडमनी विचारलं, क्लिपा किती? म्हटलं, बावीस. त्या म्हणाल्या, वायरचं नुकसान ग्राहकाच्या हातून, असं टाकते. खोटं बोलल्याचा रकाना आमच्याकडे नाही. चारही तक्रारी माझ्यादेखत रद्द केल्या. उरली एक. त्याचा एरिया उद्यापासून त्याच्याकडे.

तो कुठे आहे विचारलं. गोदामात गेला होता. भेट झाली नाही. खरं सांगायचं तर थोडं हायसं वाटलं. बसस्टॉपपर्यंत जवळजवळ तरंगत आलो. घरी हे सांगायची आता गरज नाही, असंही ठरवलं.

संध्याकाळी ६

मेसेज माझ्या आधी घरी पोचला होता. सूनबाईच्या मोबाइलवर. तिने दारातच वाचून दाखवला: आपल्या घरातील ज्येष्ठ सदस्याने वायर स्वतः तोडल्याचे मान्य केले आहे.

ही हातोडी घेऊन आत गेली. कपाटाला कुलूप लागल्याचा आवाज आला.

सूनबाईही रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने शिडीवाल्याला फोन लावला, म्हणाली, दादा, मी तुम्हाला उगाच बोलले, माफ करा. आणि फोन माझ्यासमोर धरला. म्हणाली, बाबा, आता तुम्ही.

मी आधी तब्येत विचारली. मग हवापाण्याचं बोललो. मग हळूच म्हटलं, माझं चुकलं.

तो म्हणाला, काय काका? आवाज तुटतोय.

पुन्हा म्हटलं. तो म्हणाला, गोदामात आहे काका, रेंज नाही. जरा मोठ्याने.

रेंजसाठी जिन्यात गेलो. तिथून ओरडलो, माझं चुकलं! तो म्हणाला, कोण चुकलं?

चौथ्यांदा पूर्ण जोर लावला. वरच्या मजल्यावरच्या काकू कठड्यावरून वाकल्या, म्हणाल्या, काय झालं हो, कुणाला काय केलंत? खालचं दारही उघडलं.

पलीकडून तो म्हणाला, पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, काका. पण बरं वाटत होतं.